सामाईक विहिरीचं पाणी

शेणाचा वास मला कधी घाण वाटला नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे मळ्यात आले की नाकाला रुमाल लावायचे आणि मला हसू यायचं. माहेरी गोठा, सासरी गोठा. लग्नाची हळद उतरायच्या आत सासूबाईंनी माझ्या हातात पाटी दिली ती शेणाचीच. अंगण सारवलं, चूल सारवली, गोवऱ्या थापल्या, सणावाराला शेणाची पूजा केली. कुणी येऊन मला म्हणालं असतं की बाई, हे शेण एक दिवस तुझ्या घरात विष कालवणार हाय, तर मी त्याला उंबऱ्यावरनंच हाकलला असता.

हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर शिकलेली माणसं म्हणतात, एवढं डोळ्यांदेखत चाललं होतं तर कळलं कसं नाही? नाही कळलं. युरियावर संशय घ्यायचा, औषध फवारणीवर घ्यायचा, हे आम्हाला ठाऊक. शेणावर संशय घ्यायचा हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आमचं गाव हातकणंगले तालुक्यात. घर गावात नाही, मळ्यात आहे. गावचा नळ तिथवर येत नाही. सासऱ्यांना दोन मुलगे, थोरले माझे मालक आणि धाकटा माझा दीर. वाटण्या झाल्या तेव्हा रानाच्या मधोमध बांध पडला, चुली वेगळ्या झाल्या, जनावरं वाटली गेली. विहीर तेवढी राहिली. सासऱ्यांनी स्वतः पहार मारून काढलेली विहीर, ती कशी वाटणार? ती सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. वरच्या अंगाचं रान दिराला गेलं, खालचं आम्हाला, आणि विहीर आमच्या रानाच्या तोंडाशी, दोन्ही घरांना सारख्याच अंतरावर. प्यायचं, शिजवायचं, भिजवायचं, सगळं पाणी तिचं.

वाटण्या झाल्या तरी भांडणं झाली नाहीत, ह्याचा मला केवढा तोरा होता! गावात भावाभावांची डोकी फुटत होती, आणि आमच्या दोन घरांत वाटीभर कालवण रोज इकडून तिकडं जायचं. मालक शिरोलीला फौंड्रीत नोकरीला होते, पाळी करून थकून यायचे. रानाची अर्धी कामं दीरच बघायचा. आणि जाऊ? ती ह्या घरात आली तेव्हा तिला धड भाकरी थापता यायची नाही. मी शिकवली. तिची दोन्ही बाळंतपणं मी केली, तिच्या आईला यायला जमलं नव्हतं म्हणून. ती मला आक्का म्हणते. सख्ख्या बहिणीला म्हणावं तसं म्हणते, म्हणजे म्हणायची.

मग दिरानं गोठा वाढवला. आधी घरच्या चार म्हशी होत्या. दुधाला भाव बरा मिळायला लागला तशा जर्सी गाई आणल्या, मग अजून आणल्या, मग पत्र्याचं मोठं शेड उभं राहिलं. वाईट वाटायचं कारण काय? चांगलंच होतं. पोरगा राबत होता. पण एवढ्या जनावरांचं शेण जाणार कुठं?

आमच्या लहानपणी शेणाचं खत कसं व्हायचं ते सांगते. उकिरड्यात शेण, राख, पालापाचोळा, गव्हाणीत उरलेली चगळ टाकायची आणि वर्षभर त्याला हात लावायचा नाही. ते तिथं कुजून भुसभुशीत व्हायचं, वासही जायचा. उन्हाळ्यात गाड्या भरून रानात ढीग घालायचे, विस्कटायचे आणि नांगरटीत मिसळायचे. वर्षातनं एकदा, तेही एका तुकड्याला. दुसऱ्या तुकड्याची पाळी पुढच्या वर्षी.

दिराकडं वर्षभर थांबायला जागा नव्हती आणि माणसंही नव्हती. शेड पाइपनं धुवायचं, शेण-मूत सगळं पाण्यासकट एका खड्ड्यात उतरायचं, आणि खड्डा भरला की मोटर लावून थेट उसात सोडायचं. ताजं, कच्चं, पातळ. वर्षातनं एकदा नव्हे, रोजच्या रोज. त्याच्या रानाला झेपेना तेव्हा तो एक दिवस बांधावर उभा राहून मला म्हणाला,

"वैनी, तुमच्या उसालाबी सोडू का? फुकट सोनं हाय. खताचा खर्च वाचंल."

मला किती कौतुक वाटलं! मी संध्याकाळी मालकांना म्हणाले, "बघा, भाऊ असावा तर असा." आणि आमच्याही रानात ते हिरवं-काळं पाणी सऱ्यांतून वाहायला लागलं.

पहिल्या वर्षी ऊस असा काळाभोर झाला की रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून विचारायची, काय टाकलंय पावणं? मालक नुकतेच रिटायर झाले होते, ते मिशीवर हात फिरवून सांगायचे, काय न्हाय, निव्वळ शेण. दुसऱ्या वर्षी ऊस पडायला लागला. उंच वाढायचा आणि वाऱ्याशिवाय आडवा व्हायचा. सरीत पाय टाकला की वर साय धरल्यासारखा थर, आणि खाली माती चिकट, घुसमटलेली. नांगरामागं बगळे यायचे बंद झाले, कारण त्यांनी खावं असं मातीत काही उरलं नव्हतं. खालच्या ओढ्यात पोरं मासे धरायची, तिथं फेस दिसायला लागला आणि मग जलपर्णी माजली. पावसाळ्यात बेडकांचा आवाज नाही, हे मला एकदा जाणवलं. मी जावेला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आक्का, हल्ली सगळीकडंच कमी झाल्यात की." मला पटलं. सगळं बघत होते, पण एकाचा एकाशी मेळ घालत नव्हते.

एका दिवाळीच्या सुमाराला दिरानं वरच्या अंगाला, शेडच्याही पलीकडं, बोअर मारली. मी विचारलं, विहिरीला पाणी असताना बोअर कशाला? तर म्हणाला, "जनावरं वाढली वैनी. तुमच्या पाळीचं पाणी कमी पडाय नको." म्हणजे आमच्यासाठी! मी पुन्हा कौतुक केलं. माझं डोकं फिरलं होतं की काय कोण जाणे, ऊठसूट कौतुकच करत होते मी.

त्याच हिवाळ्यात लेक बाळंतपणाला आली. पुण्याला असते, नोकरी करते. तिची सासू म्हणत होती पुण्यातच मोठ्या दवाखान्यात करू, पण लेक हटून बसली की पहिलं बाळंतपण आईकडं. दवाखाना इचलकरंजीत केला, सगळं सुखरूप झालं. मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, जावळ असं दाट की सुईण असती तर दृष्ट काढूनच गेली असती. घरात इतकी वर्षं लहान मूल नव्हतं. मालक तर दिवसभर पाळण्याची दोरी सोडेनात. मी चेष्टा करायचे, फौंड्रीत पाळी केली तशी आता पाळण्याची पाळी लागलीय म्हणून.

लेकीला दूध कमी होतं. नंतर ताप आला, छातीत गाठी झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी पावडरचं दूध चालू करा म्हणून सांगितलं. पाणी उकळून घ्या, बाटली उकळून घ्या. मी कसलीही कसूर ठेवली नाही. विहिरीचं पाणी फडक्यातून गाळायचे, पातेलं चांगलं खळखळू द्यायचे, आटून थोडं कमी झालं तरी उतरवायचे नाही. वाटायचं, जितकं जास्त उकळेल तितकं चांगलं.

सव्वा महिना झाला आणि विहीर पुजायचा दिवस आला. आमच्याकडं बाळंतीण तोवर विहिरीवर जात नाही. त्या दिवशी तिला न्हाऊ घालून, नवी साडी नेसवून वाजतगाजत नेतात. काठाला हळदकुंकू, पाच खडे मांडून त्यांची पूजा, खण-नारळाची ओटी, पोरांना घुगऱ्या. आणि आमच्या घरची एक रीत आहे. पहिला तांब्या बाळंतिणीनं ओढायचा नाही, तिच्या चुलतीनं ओढायचा, आणि त्यातलं पाणी बोटानं बाळाच्या ओठाला लावायचं. म्हणजे घरच्या पाण्याची बाळाला ओळख झाली. माझ्या लेकीची चुलती म्हणजे माझी जाऊ.

ती हिरवी साडी नेसून आली होती. तिनं पोहरा सोडला, पाणी ओढलं, तांब्यात घेतलं. बाळाला मांडीवर घेऊन बसली. जरा थांबली. मला वाटलं, तिला भरून आलंय. मग तिनं बोट बुडवलं आणि माझ्या नातीच्या ओठाला लावलं. पोरीनं ओठ मिटमिट केले, आम्ही सगळ्या बायका हसलो. मला तो क्षण इतका गोड वाटला होता की आता आठवला तरी अंगावर काटा येतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी तेल लावताना मला पोरीची नखं निळसर दिसली. वाटलं गारठा असेल. दुपटं गुंडाळलं. मग बघते तर ओठही तसेच, राखाडी, आणि ती रडत नव्हती, नुसती पडून होती. लेकीनं किंकाळी फोडली. दीरच गाडी घेऊन आला, हे सांगायलाच हवं. त्यानंच भरधाव कोल्हापूरला नेलं. सगळ्या वाटेनं तो एक शब्द बोलला नाही. मी समजले, घाबरलाय.

दवाखान्यात आधी हृदयाचं काहीतरी म्हणून धावपळ झाली. मग रक्त काढलं. ते सुईतून वर येताना मी बघितलं, लाल नव्हतं. काकवीच्या रंगाचं होतं. तपकिरी, काळपट. लहान मुलांच्या डॉक्टरीण बाई होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी ते रक्त बघितलं आणि माझ्याकडं वळून विचारलं,

"बाळाला पाणी कुठलं देता?"

"विहिरीचं. पण उकळून देते हो, चांगलं आटेपर्यंत."

"विहिरीजवळ गोठा आहे? शेणखत पडतं रानात?"

मी हो म्हणाले, तेही जरा अभिमानानंच. मग त्यांनी मला खाली बसवलं आणि सांगितलं. जमिनीला पचेल त्याच्या कितीतरी पट शेण-मूत पडलं की त्यातलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतं, विहिरीत उतरतं. ना त्याला रंग, ना वास, ना चव. मोठी माणसं बरीचशी निभावून नेतात. पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही, म्हणून बाळ निळं पडतं. आणि उकळल्यानं ते जात नाही. पाणी आटतं, ते मागं उरतं, म्हणजे अजून दाट होतं.

अजून दाट होतं! मी रोज पातेल्यासमोर उभी राहून काय करत होते ते मला तेव्हा कळलं.

पोरगी वाचली. शिरेतून औषध गेलं आणि बघता बघता ओठांवर रंग परतला. ती जोरात रडली तेव्हा त्या वॉर्डातल्या सगळ्या आया माझ्याकडं बघून हसल्या. मी जोतिबाला हात जोडले, डॉक्टरीणबाईंना हात जोडले, दिसेल त्याला जोडत सुटले. तोवर माझ्या मनात कुणाबद्दल राग नव्हता. वाटत होतं, चुकलं, पण कुणालाच ठाऊक नव्हतं. दिराला तरी कुठं ठाऊक असणार? बिचारा.

दवाखान्यातून घरी आलो त्या दुपारी जाऊ आली. डोळे सुजलेले, हातात पाण्यानं भरलेला कॅन. माझ्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत म्हणाली,

"आक्का, आता पोरीला ह्येच पाणी द्या. आमच्या बोअरचं हाय, फिल्टर लावून आणलंय. काय भ्या न्हाय त्याला. आमी दिवाळीपास्नं ह्येच पितोय की."

मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. तो हात तिथंच थांबला.

"दिवाळीपासून?" मी म्हणाले. "का?"

तिच्या लक्षात आलं. तोंड असं पांढरं पडलं की उत्तराची गरजच उरली नाही. पण मी सोडते होय! दंडाला धरून विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या आधी त्यांच्या गाभण गाई एकामागून एक गाभडल्या, वासरं पोटातच गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पाणी तपासून घ्यायला लावलं. विहिरीचं पाणी जनावरांच्याही कामाचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हा दिरानं घाईनं बोअर मारली. गाईंना विहिरीचं पाणी बंद. घरातही बंद.

गाईंना बंद! ऐकताय ना तुम्ही? गाईंना. आणि माझी नात तेव्हा अजून पोटात होती, आणि इथं आल्यापासून तिची आई तेच पाणी पीत होती. मग नात जन्मली आणि तिच्या बाटलीत तेच पाणी गेलं. आणि हिरवी साडी नेसून, हिनं स्वतःच्या हातानं ते तिच्या ओठाला लावलं.

"अगं, तुझी बाळंतपणं केली गं मी," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"आक्का, मला सांगू नको म्हनत हुते घरात. डेरीत कळलं तर दूध कोन घेनार? गावात बोंब झाली असती." ती हुंदके देत होती. "आनि बोटभरच हुतं की त्ये."

बोटभर! तळपायाची आग मस्तकात गेली. कॅन उचलला आणि अंगणात भिरकावून दिला, आणि तशीच पदर खोचून बांध ओलांडून शेडवर गेले. दीर धारा काढायच्या मशिनपाशी उभा होता. गडीमाणसं होती, दूध न्यायला आलेला गाडीवाला होता, मी कुणाची भीडभाड ठेवली नाही. जे तोंडाला आलं ते बोलले. तू माणूस हायस का कोण हायस, जनावराला जपलंस आणि पुतणीच्या पोरीला पाजलंस, सासऱ्यांनी पहार मारून काढलेली विहीर तू शेणानं भरलीस, आणि वर आम्हाला फुकट सोनं म्हणून सांगितलंस. तो मान खाली घालून ऐकत होता. मग एकदम वर बघून म्हणाला,

"वैनी, आवाज खाली करा. मी लपवलं न्हाय. दादाला सांगितलं हुतं. त्याच दिवशी. इचारा जावा त्यास्नी."

मी म्हणाले, खोटं बोलतोस.

परत बांध ओलांडताना मला वाटत होतं, हे खोटंच असणार. अंगाशी आल्यावर माणसानं भावावर टाकलेलं लचांड. मालक ओसरीवर पाळण्याशी बसले होते. दोरी हातात. मी समोर उभी राहिले. काही विचारलंच नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पाळणा हलायचा थांबला.

"उकळून देत होतीस की तू," ते म्हणाले. "मला वाटलं, उकळल्यावर काय होतंय."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू गप बसली असतीस? गावभर केलं असतंस. भावाचा धंदा बुडाला असता." मग दोरीशी चाळा करत, "मीबी तेच पीत हुतो की रोज."

हे त्यांचं उत्तर आहे. आजही तेच आहे. मीही तेच पीत होतो. जसं काही त्यांच्या ताटातला वाटा त्यांनी घेतला म्हणजे पोरीच्या बाटलीचा हिशेब मिटला. पस्तीस वर्षांचा संसार. ह्या माणसाच्या भट्टीनं पोळलेल्या हातांना मी खोबरेल लावलंय. दिरानं फसवलं ते मी समजू शकते, त्याच्या गाई, त्याचं दूध, त्याचा धंदा. जावेचंही एक वेळ समजेन, तिला नवऱ्याचा धाक. पण ह्यांना कशाचा धाक होता? माझ्या तोंडाचा. मी खरं बोलेन ह्याचा.

आता विहिरीवर जाळी टाकलीय. पाणी स्वच्छ व्हायला किती वर्षं लागतील ते कुणी सांगत नाही, कारण वरून अजून झिरपतंच आहे. दिरानं आमच्या रानात सोडायचं बंद केलं, पण त्याच्या उसात चालूच आहे. पंचायतीत मी दोनदा बोलले. सगळे माना डोलावतात आणि म्हणतात, वैनी, शेणच हाय ते, युरिया तर न्हाय ना? पिण्याचं पाणी आम्ही गावातून कॅननं आणतो. जाऊ बांधापलीकडून दिसते, मी तोंड फिरवते. कालवणाची वाटी बंद झाली.

लेक पुण्याला गेली. तिला मी दिराचं आणि जावेचं सांगितलं होतं. तिच्या पप्पांचं सांगितलं नव्हतं. तेवढं धाडस होत नव्हतं, कारण तिचा जीव त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. पोरगी आता बसायला लागलीय, दोन दात आलेत, फोनवर तिचं खिदळणं ऐकवलं. मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं अचानक विचारलं,

"आई, काकानं पप्पांनापण सांगितलं नव्हतं ना गं?"

ओसरीवर ते पेपर वाचत बसले होते. त्यांना ऐकू जात होतं, पेपरचं पान उलटायचं थांबलं होतं. ते माझ्याकडं बघत होते. मी 'नाही' म्हणावं, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "दिवाळीतच."

तिचा आवाज आला, बारीक, लहानपणी पडल्यावर यायचा तसला.

"आणि तू तिथंच राहतीस?"

तिनं फोन ठेवला. ह्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, घसा खाकरला, आणि जरा चहा टाकतीस का म्हणाले. मी आत गेले, कॅन तिरपा करून पातेल्यात पाणी ओतलं आणि गॅस पेटवला.